कच्च्या फोल्डरमधला आठवा धडा

मला कोणी एकच गोष्ट दोनदा विचारली की माझं डोकं फिरतं. "चहा ठेवू का? ठेवू ना?" असं आमचे हे विचारतात, तेव्हा मी चहाच नको म्हणून सांगते. भाजीवाल्याने पिशवीत मेथी घालता घालता "देऊ ना ताई?" म्हटलं, तर मेथी तिथेच ठेवून पुढे चालू लागते. आईकडून आलाय हा स्वभाव. तिला आम्ही मागे लवंगी म्हणायचो. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत मला मागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते राहू दे. पुढे जे झालं त्यात या स्वभावाचा हात आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं. कंप्युटरवर सगळं ढकलून मोकळं होता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

ठाण्याला एका विमा कंपनीच्या ऑफिसात मी कंप्युटर विभागात होते. माऊस बिऊस नंतर आले. आम्ही काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप करायचो आणि यंत्र निमूट काम करायचं. निवृत्त झाले आणि घर खायला उठलं. हे दिवसभर पेपर वाचतात, तोही मोठ्याने. तेवढ्यात एका मैत्रिणीने सांगितलं, खोपटला एस.टी. डेपोच्या मागे एक छोटी संस्था आहे, दृष्टिहीन मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देणारे लोक त्यांना हवे आहेत. तुझा आवाज चांगला आहे, तू जा. आवाज चांगला आहे हे मला शाळेपासून सगळ्यांनी सांगितलेलं, त्यामुळे मी फार आढेवेढे न घेता गेले.

दोन खोल्यांची जागा. तिथले सर निवृत्त शिक्षक. त्यांनी मला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचं अर्थशास्त्राचं पुस्तक दिलं आणि म्हणाले, "हे कोणी घेत नाही हो. कादंबऱ्या वाचायला सगळे तयार असतात. यात आलेख आहेत, तक्ते आहेत. आणि मराठीतून आहे, मोबाइल वाचून दाखवतो ते काहीच्या काही वाचतो. मुलगी हुशार आहे. तिला एम.ए. करायचंय, प्राध्यापक व्हायचंय. तुम्ही वाचलंत तर तिच्याकडे पुस्तक आहे, नाही वाचलंत तर नाही."

मुलगी विठ्ठलवाडीची. मी फोन केला तो तिच्या आईने उचलला आणि "जय भीम" म्हणाली. मी "नमस्कार" म्हणाले. आईने तिला हाक मारली. त्या एवढ्याशा वेळात माझ्या डोक्यात जे काय जुळायचं ते जुळलं. आपल्याकडे ते जुळतंच, कोणी शिकवावं लागत नाही. जुळलं तरी जुळलं नाही असं दाखवायचं, याला आम्ही सभ्यपणा म्हणतो आणि तो माझ्यात भरपूर आहे असं मी समजत होते.

ती फोनवर आली ती एकदम बडबडतच. "काकू, तुम्ही वाचणार? आलेखांचं काय करणार पण? गेल्या वर्षी एका सरांनी नुसतं म्हटलेलं, 'इथे आकृती आहे.' मी म्हटलं, बरं, असू दे तिला." मी पोट धरून हसले. नंतर मागणीचा वक्र मी तिला समजावून सांगत होते, डावीकडून उजवीकडे घसरगुंडीसारखा खाली येतो म्हटलं, तर म्हणते कशी, "काकू, बागेतली घसरगुंडी की सोसायटीतल्या रॅम्पसारखी? मला लहानपणी दिसायचं थोडं. घसरगुंडी आठवते मला, मी पडलेले तिच्यावरून." मग मी बोटाने ताटात वक्र काढून बघितला आणि म्हटलं, रॅम्पसारखी. पुढे प्रत्येक आलेखाच्या आधी मी आमच्या स्वयंपाकघरातलं काहीतरी शोधून ठेवायची.

काम मी मन लावून करत होते, हे कोणी नाकारू नये. बेडरूमचं दार लावायचं, दारावर गोधडी टांगायची, पंखा बंद, कपाट उघडं, म्हणजे कपड्यांत आवाज मुरतो. आणि घामाघूम होऊन वाचायचं. चुकलं की एक जोरात टाळी वाजवायची आणि ते वाक्य पुन्हा वाचायचं. आमच्या सगळ्या वाचकांची ही पद्धत. नंतर स्क्रीनवर आवाजाची रेघ दिसते, तिच्यात टाळीचा उंच सुळका उठून दिसतो. तिथे जायचं आणि चुकलेलं कापून टाकायचं. असं साफ केलेलं मी 'पक्कं' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. मूळ रेकॉर्डिंग, टाळ्या, खोकला, कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्यांच्या ड्रिल मशीनला घातलेल्या शिव्या, सगळं 'कच्चं' मध्ये. फाइलींची नावं दोन्हीकडे तीच. धडा सहा, धडा सात, धडा आठ.

आता या फाइली असतात अवाढव्य. तिच्याकडे संस्थेने दिलेला बटणांचा छोटा प्लेअर होता, तो फक्त एम.पी.थ्री वाजवायचा. म्हणून प्रत्येक फाइल बदलून, बारीक करून द्यावी लागायची. बाकीचे वाचक कुठल्या तरी वेबसाइटवर एक-एक फाइल चढवायचे, जाहिराती बघायचे, उतरवून घ्यायचे. मी नाही! मी ती काळी खिडकी उघडायची आणि एक ओळ टाइप करायची: या फोल्डरमधल्या सगळ्या घे, एम.पी.थ्री कर, आवाज जरा वाढव, त्या फोल्डरमध्ये टाक. एंटर. एवढ्या वर्षांनी बोटांना जुनं काम मिळालं होतं. अक्षरं सरसर वर जायची आणि मला इतकं भारी वाटायचं की विचारू नका. ग्रुपवर सगळे मला गुरुजी म्हणू लागले. मी शेफारले.

त्या टूलला एक सवय होती. तिकडे त्याच नावाची फाइल आधीच असेल तर ते थांबायचं आणि विचारायचं: आहे की ही, पुसून नवी लिहू का? दर फाइलीला विचारायचं. एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा मी वैतागले आणि ओळीत एक 'वाय' घालून ठेवला. म्हणजे यस. म्हणजे मला परत विचारू नकोस, तुला काय पुसायचं ते पूस.

त्या दिवशी दुपारी मी सहा ते नऊ असे धडे साफ करून बदलून ठेवले होते. आवाज जरा बारीक वाटला म्हणून तीच ओळ पुन्हा चालवायची ठरवलं. बाहेरून हे विचारत होते, "कुकर बंद करू का? तीन शिट्ट्या झाल्या. करू ना?" मी ओरडून सांगितलं, "करा हो एकदाचा!" आणि एंटर दाबलं. काळी खिडकी 'कच्चं' मध्ये उघडी होती. मी बघितलंच नाही. त्याने कच्च्या फाइली उचलल्या, पक्क्यांच्या जागी लिहिल्या, आणि मला काही विचारलं नाही. मी त्या मुलीला लिंक पाठवली आणि वरण-भात जेवून झोपले.

हे मला कळलं काही आठवड्यांनी. कंप्युटर भरला होता, जुनं काहीतरी काढून टाकायचं होतं. 'कच्चं' उडवण्याआधी पाठवलेली एखादी फाइल नीट आहे ना बघू, म्हणून सहावा धडा लावला. सुरुवातीलाच टाळी. मग मी स्वतःला म्हणतेय, "जीभ जड झालीय मेली." मग पुन्हा टाळी. आधी मला हसूच आलं. अगं बाई, कच्चंच गेलं की! त्या पोरीने निमूट ऐकलं, एका शब्दाने बोलली नाही. सातवा लावला, त्यात ड्रिल मशीन आणि माझा उद्धार. तरी हसतच होते. आणि मग एकदम आठवलं, की असंच कधीतरी वाचताना पुण्याच्या बहिणीचा फोन आला होता, आणि रेकॉर्डिंग बंद करायचं मी विसरले होते.

आठवा धडा. चलनवाढ. मी वाचतेय, छान वाचतेय, सावकाश, शब्दन् शब्द सुटा. फोन वाजतो. मी स्पीकरवर घेते. बहीण विचारते, काय चाललंय. मी सांगते, "अगं, त्या आंधळ्या मुलीचं अर्थशास्त्र." बहीण म्हणते, किती करतेस गं तू लोकांसाठी. आणि मग मी म्हणते, अगदी याच आवाजात, चलनवाढीच्याच सुरात म्हणते:

"छे गं, तिला कुठे एवढ्या अभ्यासाची गरज आहे! तिला दोन-दोन सवलती. आंधळी म्हणून एक, आणि ती दुसरी आहेच. पस्तीस टक्के मिळाले तरी कुठेतरी चिकटेल. आपल्या पोरांनी नव्वद आणून घरी बसायचं. मी आपलं पुण्य पदरात पाडून घेतेय."

आणि आम्ही दोघी हसलो. खदाखदा नाही. घरात हसतात तसं, आपल्या माणसांत हसतात तसं. मग मी फोन ठेवला, टाळी वाजवली, आणि म्हणाले, "चलनवाढीचे प्रकार."

मी ते तीनदा ऐकलं. का ऐकलं माहीत नाही. पहिल्यांदा वाटलं, हा माझा आवाज नाहीच. दुसऱ्यांदा वाटलं, असं कोण बोलत नाही, सगळेच बोलतात, बिल्डिंगमध्ये लिफ्टची वाट बघतानाही बोलतात. तिसऱ्यांदा मात्र मला त्या बोलण्यातला निवांतपणा ऐकू आला. रागाने, भांडणात बोलले असते तर म्हटलं असतं, तोंडातून गेलं. पण मला कुणाचाच राग आला नव्हता. आज उकडतंय म्हणावं तसं मी ते म्हटलं होतं. आमच्या नव्वद टक्केवाल्या मुलाबद्दल सांगायचं तर तो घरी बसलेला नाही, बंगलोरला चांगल्या नोकरीत आहे, आणि त्याला कधी कोणी पुस्तक वाचून दाखवावं लागलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यांनी बाहेरून विचारलं, काय झालं. आणि मजा म्हणजे त्यांनी दोनदा विचारलं तरी मी चिडले नाही.

मग मी फोन घेऊन तिचे जुने मेसेज ऐकत बसले. ती टाइप करत नाही, बोलूनच पाठवते. "काकू, तिसरा ऐकला, एकदम मस्त." "काकू, तुमच्या मागे कबूतर घुमतंय, त्याला पण अर्थशास्त्र येतं वाटतं." "काकू, पाचव्यातला तो तक्ता परत सांगाल का?" पाचव्यापर्यंत काकू. सहा ते नऊ पाठवले, त्यानंतर दोन दिवस काही नाही. आणि मग: "मॅडम, धडे मिळाले. थँक यू." त्यापुढे प्रत्येक मेसेज मॅडम. एक वाक्य, थँक यू, संपलं. तेव्हा मला वाटलं होतं, परीक्षा जवळ येतेय, पोर शहाणी झालीय. मान देतेय. मी यांना सांगितलंही होतं, बघा, किती अदबीने बोलायला लागली.

त्या दिवशी मी काय करायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. फोन उचलायचा आणि म्हणायचं, बाळ, चुकले. मी काय केलं? मी मेसेज पाठवला, तोही टाइप करून, कारण आवाज काढायची हिंमत नव्हती: 'सहा ते नऊ चुकून कच्च्या फाइली गेल्यात. न ऐकता डिलीट कर. चांगल्या पाठवते.' न ऐकता! इतक्या आठवड्यांनी! तिचं उत्तर आलं, "ऐकून झाल्या मॅडम. नोट्स पण काढल्या. तुम्ही नव्या पाठवा, चालेल." आवाजात राग नाही, रडू नाही, काहीच नाही. मी नव्या पाठवल्या. त्यावर थँक यू आलं.

मग कितीतरी दिवस मला पुढे वाचताच येईना. गोधडी टांगायची, पंखा बंद करायचा, तोंड उघडायचं, आणि स्वतःचा आवाज कानावर आला की कसंतरी व्हायचं. आणि वाचलं नाही तर तिचं पुस्तक अडायचं. परीक्षा तोंडावर, शेवटचे धडे बाकी, दुसरं कोणी अर्थशास्त्र घेत नव्हतं. तिच्यावर वेळ अशी आलेली, की पास व्हायचं तर हाच आवाज कानात घालून घ्यायचा, दुसरा मिळणार नाही. हे लक्षात आलं तेव्हा मी मुकाट्याने वाचायला बसले. लाज वाटतेय म्हणून वाचन बंद, हे फार सोयीचं झालं असतं मला.

त्याच सुमारास खोपटला वाचकांचा मेळावा होता. मी टाळणार होते. पण सरांचा फोन आला, "तुम्ही यायलाच हवं, तुमच्या त्या एका ओळीचं प्रात्यक्षिक ठेवलंय." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गेले. खोली गच्च भरलेली. आधी सगळ्या वाचकांना गुलाबाचं फूल आणि श्रीफळ. मला वेगळी शाल. सर माइकवर म्हणाले, "यांचे धडे आता खालच्या वर्गातली मुलंही ऐकतायत. आपल्या याच विद्यार्थिनीने त्यांचा ग्रुप काढलाय. उल्हासनगर, अंबरनाथ, पार बदलापूरपर्यंत यांचा आवाज पोचलाय!" टाळ्या पडल्या. समोर पहिल्याच रांगेत ती बसली होती. निळा कुर्ता, मांडीवर घडी केलेली पांढरी काठी. तीही टाळ्या वाजवत होती, सगळ्यांसारख्या.

ग्रुप! म्हणजे आठवा धडा सगळ्यांनी ऐकला. बदलापूरपर्यंत. आणि मी इथे शाल पांघरून उभी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सीतेला का वाटलं असेल ते मला त्या खोलीत कळलं, फरक इतकाच की तिची काही चूक नव्हती.

तशीच मी कंप्युटरपुढे बसले. भिंतीवर ती ओळ मोठ्ठी दिसत होती. मी एकेक तुकडा समजावून सांगितला. हे फोल्डर, हे सगळ्या फाइली घे, हे एम.पी.थ्री कर. मागून एका बाईंनी विचारलं, "आणि हा वाय कशाला हो?"

"वाय म्हणजे यस," मी म्हटलं. "त्याने आपल्याला परत विचारू नये म्हणून." मग जरा थांबून म्हटलं, "तुम्ही तो घालू नका. मी घालायची. त्याने विचारलेलं बरं असतं." त्या बाईंनी वहीत लिहून घेतलं. पहिल्या रांगेतून तिचं हसू ऐकू आलं. लहानसं, नाकातून आलेलं.

कार्यक्रम संपला. सर म्हणाले, "तुम्ही दोघी एकाच दिशेच्या, हिला कल्याणपर्यंत सोबत करा." नाही कसं म्हणणार? डेपोत कल्याणची बस लागायची होती. मी तिचा दंड धरला आणि चालवायला लागले, तशी ती थांबली, माझा हात सोडवला आणि स्वतःच माझ्या कोपराला धरलं. "असं, मॅडम. तुम्ही पुढे, मी मागे. तुम्ही मला ढकलताय." मी सॉरी म्हटलं. एवढ्याला सॉरी पटकन आलं तोंडातून.

आम्ही बाकावर बसलो. मी नारळ मांडीवर घेऊन. शेजारी कोणीतरी भेळ खात होतं. मी म्हटलं, "माझ्याकडून एक फार..."

"आठवा ना?" ती म्हणाली.

मी नारळ या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

"मला वाटलेलंच, तुम्हाला कळलंय. तो मेसेज आला ना, न ऐकता डिलीट कर, तेव्हाच."

"मी तसं बोलायला नको होतं," मी म्हटलं. किती पुचाट वाक्य! आयुष्यभर तोंडाळ म्हणून मिरवले आणि नेमकं तेव्हा शब्द मिळेना. "माझी चूक झाली. मी फार वाईट बोलले गं. मला माफ कर असंही म्हणवत नाही."

"नका म्हणू मग," ती म्हणाली. उद्धटपणे नाही, अगदी साधेपणाने. "अहो, हे मी काय पहिल्यांदा ऐकलंय का? कॉलेजात ऐकलंय, रिक्षात ऐकलंय. एक सर तर वर्गातच बोललेले. त्याचं मला काही वाटत नाही आता. तुमचं वाटलं. तुम्ही ते रॅम्प बिम्प सांगायचात ना, म्हणून."

बस अजून आली नव्हती. मी विचारलं, आणि कोणत्या तोंडाने विचारलं माझं मलाच माहीत, "मग ग्रुपवर… त्या मुलांनी पण…"

"नाही. ग्रुपवर टाकायच्या आधी मी कापलं ते. शिकले मी ते तुमचं टूल. माझ्या मोबाइलवर चालतं, तो वाचून दाखवतो ना एकेक अक्षर. इथपासून इथपर्यंत काप म्हटलं की कापतं."

मला हायसं वाटलं. लपवून काय करू, आधी हायसंच वाटलं. अंगावरून ओझं उतरलं, बदलापूरपर्यंत माझं नाव शाबूत राहिलं. आणि मग त्या हायसं वाटण्याची इतकी शरम वाटली की डोळ्यांत पाणी आलं. तिला ते दिसणार नाही, हा विचारही लगेच मनात आला. त्याचीही शरम वाटली. कोळसा उगाळावा तितका काळा.

"तू माझ्यासाठी एवढं..." मी म्हणाले.

"तुमच्यासाठी नाही केलं." ती एकदम म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "ग्रुपवर फर्स्ट इयरची एक पोरगी आहे, उल्हासनगरची. आमच्यातलीच. ती तुमचा आवाज लावून झोपते. म्हणते, त्या काकू किती प्रेमाने वाचतात. तिला एवढ्यात कशाला सांगू? कळेल तिला, कळायचं तेव्हा. तिची परीक्षा होऊ दे."

मी नारळाची शेंडी ओढत बसले. शेजारच्या भेळ खाणाऱ्याने कागद टाकला, तो वाऱ्याने तिच्या पायाशी आला, तिने पायाने बाजूला केला.

"दहावा आणि अकरावा कधी देताय?" तिने विचारलं. "अकराव्यात तीन आलेख आहेत, सरांनी सांगितलं. ते नीट सांगा. स्वयंपाकघरातलं सांगितलं तरी चालेल."

"परवापर्यंत देते. नक्की देते." मग मला राहवेना. "आणि ती मूळ फाइल… तुझ्याकडची. ती तरी काढून टाक ना गं. टाकलीस ना?"

"नाही. आहे माझ्याकडे."

"कशाला ठेवलीस?"

तिने काठीच्या घड्या उलगडल्या, एकेक करून, टकटक आवाज करत. बस आत वळत होती, तिला ते माझ्या आधी कळलं होतं.

"अभ्यास करताना झोप यायला लागली की लावते," ती म्हणाली. "मग उठून बसते."

मग उभी राहिली, माझं कोपर चाचपून धरलं आणि म्हणाली, "कल्याणच आहे ना? पाटी बघा की, मॅडम."

मी पाटी वाचली. कल्याणच होती. माझ्या तोंडून आवाज निघेना, तिला दोनदा विचारावं लागलं.